पाटापुरती

"लिव की. हात का थांबला?" अनसाक्का म्हणाली.

हात थांबला होता खरा. तिनं आत्ताच जे सांगितलं त्याला छापील फॉर्मात जागाच नव्हती. मी फॉर्म उलटा केला आणि कोऱ्या बाजूला वर लिहिलं, 'प्रश्न सत्तावीस, पुढे चालू'.

ती भावाच्या गोठ्याच्या दारात पाय पसरून बसली होती. मांडीवर कुणाच्या तरी बाळंतिणीसाठीची वाकळ, तोंडात दोऱ्याचं टोक. हिवरवस्तीत आणि आजूबाजूच्या वाड्यांमध्ये वाकळ शिवावी तर अनसाक्कानं. कडेकडेनं टाके घालत ती आत आत जायची आणि शेवटी एका कोपऱ्यात तांबड्या कापडाचे तीन तिकोने लावायची. ती तिची सही. तीनच का, म्हणून मी एकदा विचारलं होतं, तर म्हणाली, "चौथा लावाय तांबडं कापाड उरत न्हाई." असली बाई. बोलायची कमी, पण बोलली की खोटं बोलता यायचं नाही तिला.

वीस-बावीस वर्षं झाली या गोष्टीला. मी तेव्हा तिशीत होते आणि तिच्यासारखीच टाकलेली. टाकलेली हा आमच्याकडचा शब्द. पुण्याची संस्था 'परित्यक्ता' म्हणायची, पुढं सरकारनं 'एकल' केलं. शब्द सुधारत गेले, आम्ही होतो तिथंच होतो. नवऱ्यानं टाकलेल्या बाईला स्वतःच्या नावाचं रेशनकार्ड द्यावं, कार्ड असेल तिला घरकुलासाठी गावात जागा द्यावी, असं काहीतरी सरकारच्या मनात होतं. पण कुणाला द्यायचं, टाकलेली म्हणायचं कुणाला, हे त्यांना ठरवता येत नव्हतं. तेव्हा संस्थेनं सांगितलं, त्या बायकांनाच विचारा ना. तालुक्यातल्या आम्हा अकराजणींना निवडलं, चार दिवस शिकवलं, खांद्याला एकेक पिशवी अडकवली आणि आम्हाला 'गाव-संशोधक' केलं.

शिकवायला आठल्ये मॅडम होत्या. गोऱ्यापान, खादीची साडी, बोलताना समोरच्याचा हात हातात घेण्याची सवय. पहिल्या दिवशीच त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'ज्याचं जळतं त्यालाच कळतं'. म्हणाल्या, "आजवर धोरणं लिहिली ती ज्यांचं कधी जळलं नाही त्यांनी. आता तुम्ही लिहायचं." मला इतकं भरून आलं की मी जेवायला उठलेच नाही. दहावीनंतर पहिल्यांदा कुणी माझ्या हातात पेन दिलं होतं.

मॅडमनी दोन नियम घालून दिले होते. बाईच्या तोंडचा शब्द बदलायचा नाही, आपलं शहाणपण वहीत घालायचं नाही, हा एक. आणि बाईचं नाव कुणाला सांगायचं नाही, मेलो तरी नाही, हा दुसरा. शिवाय सरावासाठी पहिला फॉर्म ज्यानं त्यानं स्वतःचाच भरायचा, तोही खराच धरला जाणार होता. मी माझा वीस मिनिटांत भरून दिला. मॅडम म्हणाल्या, "बघा, वैजयंतानं किती नेटका भरलाय." त्यांनी तो सगळ्यांना दाखवला.

गाव मात्र माझ्या पिशवीवर खूश नव्हतं. मी बोळातून निघाले की कट्ट्यावरून कुणीतरी म्हणायचंच, "आपलं ठेवायचं झाकून आन् दुसऱ्याचं बघायचं वाकून! आली बघा वहीवाली." मी मान वर करून पुढं जायची. मोठ्या कामाला निघालेल्या माणसानं कट्ट्यावरच्यांकडं लक्ष द्यायचं नसतं, असा माझा त्यावेळी समज होता.

अनसाक्काला कार्ड हवं होतं, आणि लवकर हवं होतं. चोवीस वर्षं ती भावाच्या गोठ्यात एका बाजूला राहत होती, म्हशींच्या आणि तिच्यामध्ये एक तट्ट्या. आता भाच्याचं लग्न ठरलं होतं. भावानं तोंडानं काही म्हटलं नव्हतं, पण गोठा पाडून तिथं नव्या जोडप्याला खोली बांधायची म्हणून विटा येऊन पडल्या होत्या. त्या विटांच्या ढिगाला टेकूनच ती वाकळ शिवत होती. तिचं नाव अजून सासरच्या कार्डावर होतं. "माझ्या नावचा गहू ती खाती," ती म्हणायची. ती म्हणजे नवऱ्याची दुसरी.

तर प्रश्न सत्तावीस. 'पतीशी सध्या संबंध, येणेजाणे आहे काय?' पुढं दोन चौकोन, आहे आणि नाही.

"न्हाई," अनसाक्का म्हणाली होती.

खूण करून मी पुढं जायला हवं होतं. अठ्ठाविसावा प्रश्न दळणवळणाचा होता, साधा. पण मी पेन तसंच धरून म्हटलं, "नवरात्रात बोलावतात का गं, अक्का?"

तिची सुई थांबली. "तुला कुणी सांगितलं?"

"ऐकलंय. काही काही घरांत असतं म्हणून."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग तिची नजर माझ्या हातांवर गेली. "चुडा नवा दिसतोय."

"बाजारात भरला," मी म्हटलं आणि फॉर्म सारखा करण्याचं निमित्त केलं.

तिनं दोरा ओढला, दातानं तोडला. आणि सांगू लागली.

"बोलावत्यात. नवमीला. आमच्या त्या घरात देवीचा कुळाचार हाय, थोरल्या जोडीनं बसून करायचा. दोन पाट मांडायचं, उपरण्याची न् पदराची गाठ मारायची. देवीला लग्नाचीच लागती. दुसरी त्येनं लगीन लावून न्हवं, पाट लावून आणलीया, तिला बसाय चालत न्हाई. म्हणून मग मला सांगावा येतोय. हिरवा चुडा भरून जायाचं. बसायचं. आरती हुईस्तवर गाठ ऱ्हाती."

"मग?"

"मग काय. आरती झाली की ती येती माजघरातनं आन् गाठ सोडती. तिच्याच हातानं सोडत्यात. वटीत नारळ घालत्यात, आन् मी यष्टीला येऊन बसती."

"जेवायला?"

"जेवाय थांबलं तर मानसं इचारत्यात, ही कोन म्हणून."

तिनं नव्या दोऱ्याला गाठ मारली आणि एकदम हसली. "ती पाटाची हाय, वैजे. आन् मी पाटापुरती."

मलाही हसू फुटलं. दोघी पोट धरून हसलो, म्हैस उठून उभी राहिली एवढ्या मोठ्यानं. हसता हसता मला वाटलं, हे लिहिलंच पाहिजे. असलं वाक्य पुण्यात कुणाच्या बापाला सुचणार नाही.

"का जातेस पण? नाही म्हणायचं."

"न्हाई म्हणून बघितलं की एक वर्स. त्या वर्साला हितं अंगणात चुलीम्होरं बसले हुते नवमीला. सारखं वाटायचं, आता माझा पाट मोकळाच ठिवला आसंल का काढला आसंल." ती वाकळीवरून हात फिरवत राहिली. "वर्सातनं एक डाव मला कुणीतरी लग्नाची म्हणतंय, वैजे. आरतीपुरतं का हुईना. येडी हाय मी, ठावं हाय मला."

तेव्हा माझा हात थांबला होता, आणि तेव्हाच ती म्हणाली होती, लिव की.

"हे बी लिवायचं आस्तंय व्हय?" तिनं मागाहून विचारलं.

"सगळंच लिहायचं असतं अक्का. लिहिल्याशिवाय सरकारला कसं कळणार?"

"मग लिव," ती म्हणाली. "कार्ड मिळंल न्हवं?"

"मिळेल म्हणजे काय, पहिलं तुलाच मिळेल."

मी सगळं लिहिलं. चुडा, गाठ, मोकळा पाट, यष्टी. शब्द बदलला नाही.

चार महिन्यांनी पुण्याला कार्यक्रम झाला. मोठं दालन, गुळगुळीत टेबल, मुंबईहून आलेले एक वरिष्ठ साहेब आणि त्यांच्यामागं फायली धरून उभी असलेली दोन माणसं. अहवाल छापून झाला होता. मुखपृष्ठावर दोन हातांचा फोटो होता, वाकळ शिवणारे हात, आणि कोपऱ्यात तांबडे तीन तिकोने स्पष्ट दिसत होते. फोटो संस्थेच्या माणसानं येऊन काढला होता. तोंड घेतलं नव्हतं, नियमाप्रमाणं.

पान सव्वीसवर अनसाक्का होती. 'सुमन (नाव बदललेले)'. आठल्ये मॅडमनी ते पान स्वतः वाचून दाखवलं. पाटापुरतीवर आल्यावर त्यांचा आवाज कापला. त्या म्हणाल्या, "सर, हे लिहिलंय या वैजयंतानं," आणि सगळ्यांनी माझ्याकडं वळून पाहिलं. त्या दिवशी मला किती अभिमान वाटला, हे सांगायलाही आता लाज वाटते.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला. "विदारक आहे," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "म्हणजे या महिला काही प्रसंगी पतीसोबत पत्नी म्हणून बसतात. बरोबर?"

"हो सर, तेच तर आम्हाला दाखवायचंय. बघा ना, किती अपमान आहे हा."

"अपमान आहेच. पण मग तिला पूर्णपणे परित्यक्ता म्हणता येईल का?" त्यांनी समासात पेन्सिलीनं काहीतरी टिपलं. "चांगलं निरीक्षण आहे. बारीक आहे. आमच्या लोकांच्या हे कधी लक्षात आलं नसतं."

मॅडम काही बोलायला गेल्या तेवढ्यात चहा आला. बिस्किटांच्या बशा फिरल्या. साहेब जाताना माझ्यापाशी थांबले आणि म्हणाले, "छान लिहिता तुम्ही. लिहीत राहा."

अहवालाच्या चार प्रती मला मिळाल्या. एक मी अनसाक्कासाठी पिशवीत वेगळी ठेवली होती. वाचून दाखवते, असं तिला कबूल केलं होतं. आज जाईन, उद्या जाईन, असं करत ती प्रत पिशवीतच राहिली.

योजना आली दुसऱ्या वर्षी, उन्हाळ्यात. गावात छाननी होती. ग्रामपंचायतीच्या खोलीत सतरंजी टाकलेली, आम्ही सातजणी खाली बसलेल्या, समोर खुर्चीवर तालुक्याहून आलेले अधिकारी. तरुण होते, अदबीनं बोलणारे. शेजारी ग्रामसेवक अर्ज लावून देत होता. सातवा अर्ज माझा होता. माझ्या आईच्या एका खोलीवर दोन भावांचा डोळा होता आणि आई त्या वर्षी अंथरुणाला खिळली होती. ती गेली की मी कुठं जाणार, हे सगळ्या गावाला माहीत होतं. अनसाक्काच्या भाच्याचं लग्न लांबलं होतं, पण गोठा निम्मा पाडूनही झाला होता. उरलेल्या भिंतीला तिनं ताडपत्री लावली होती.

टेबलावर अहवालाची प्रत पडली होती. अनसाक्काला वाचता येत नव्हतं, पण तिनं मला कोपरानं ढोसलं. "आगं, माझं हात! माझी वाकळ बग सायबापशी." तोंडभर हसली. सतरंजीवरच्या बाकीच्या बायकांनाही तिनं बोट करून दाखवलं.

साहेबांनी अटी वाचायला घेतल्या. पहिली वयाची, दुसरी रहिवासाची, तिसरी अशीच काहीतरी. मग म्हणाले, "चौथी नीट ऐका. अर्जदार महिलेने मागील तीन वर्षांत पतीसमवेत पत्नी या नात्याने कोणत्याही धार्मिक अथवा कौटुंबिक विधीत सहभाग घेतलेला नसावा."

मी टेबलावरच्या अहवालाकडं पाहिलं.

"म्हंजी?" कुणीतरी विचारलं.

"म्हणजे नवऱ्याबरोबर पूजेबिजेला बसलेली नसावी." त्यांनी पुस्तिका उचलली. "ही अट वरून उगाच आलेली नाही बरं का. तुमच्यातल्याच बायकांनी केलेल्या अभ्यासातून आलीये. तसं आदेशातच लिहिलंय." मग माझ्याकडं बघून, "तुम्हीच ना त्या? वाचलं मी. खोटं नाही सांगत, डोळ्यांत पाणी आलं माझ्या."

मी मान खाली घातली.

"पान सव्वीस, हिवरवस्ती. ही सुमन कोण?"

"नाव सांगायचं नसतं साहेब," मी म्हटलं. "नियम आहे आमचा."

"बरोबर आहे. नियम पाळलाच पाहिजे." त्यांना खरोखरच अवघड वाटत होतं. कपाळ चोळत ते म्हणाले, "नाव नका सांगू. पण अर्ज सात, आणि त्यातली एक अपात्र आहे हे सरकारच्याच कागदावर छापलंय. कोणती ते मला कळलं नाही, तर सातही अर्जांवर 'चौकशीअंती' असा शेरा मारून पाठवावे लागतील. माझा नाइलाज आहे."

'चौकशीअंती' म्हणजे काय हे आम्हाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तसा शेरा पडलेला कागद तालुक्याला जातो, तो परत आलेला कुणी पाहिला नव्हता.

"वैजा, सांग की बाई," मागून कमळाबाई म्हणाली. तिच्या दोन मुली होत्या, धाकटी पदराला धरून बसलेली. "एकीपायी आमी समद्या मरायच्या काय?"

"तुलाच लय हौस हुती लिवायची," दुसरी कुणीतरी बोलली. "आता बोल."

मी गप्प राहिले. गावात पुढं माझ्या त्या गप्प बसण्याचं कौतुकही झालं. मोडली नाही बया, दिलेला शब्द पाळला, असं लोक म्हणाले. मी त्यांना म्हणू दिलं. खरं म्हणजे त्या खोलीत मी नियमाचा विचारच करत नव्हते. मी हात मांडीखाली दाबून धरले होते आणि डोळ्यांसमोर फक्त तो सातवा अर्ज होता.

अनसाक्का माझ्याकडं बघत होती. किती वेळ बघत होती, देव जाणे. मग गुडघ्यावर हात टेकून उठली.

"सायेब, ती मीच."

"तुम्ही? नक्की का बाई? घाई करू नका."

"माझंच हात हायत की त्ये." तिनं पुस्तिकेकडं बोट केलं. "नवमीला जाती मी. पाटावर बसती. ह्या बाकीच्या कुनी न्हाईत जात."

बाकीच्या कुनी. हे म्हणताना तिनं माझ्याकडं पाहिलं नाही.

साहेबांनी माझ्याकडं वळून विचारलं, "बरोबर आहे?"

आणि मी मान हलवली. नाव तोंडातून काढलं नाही, नियम मोडला नाही. नुसती मान हलवली.

साहेबांनी तिच्या अर्जावर तांबडी रेघ मारली. "वाईट वाटतं हो," ते म्हणाले. "पण तुम्हीच सांगितलेलं आहे."

"व्हय," अनसाक्का म्हणाली. "त्ये पुस्तक मिळंल का? फोटू हाय माझा."

त्यांनी दिलं. उभं राहून, दोन्ही हातांनी दिलं.

ती बाहेर पडली तशी मीही पडले. दोघी ओढ्यापर्यंत चालत आलो. ऊन रणरणत होतं. बाभळीखाली ती थांबली आणि पुस्तिका माझ्यापुढं धरली.

"वाच. काय लिवलंयस त्ये ऐकू दे तरी."

"अक्का, राहू दे आता."

"वाच म्हणती न्हवं."

मी वाचलं. पान सव्वीस, पहिल्या ओळीपासून. ती बाभळीच्या बुंध्याला टेकून डोळे मिटून ऐकत होती. मोकळ्या पाटाच्या ओळीला तिच्या ओठांची हालचाल झाली, जणू तीच माझ्याबरोबर म्हणत होती.

"आक्षी बरोबर लिवलंयस," ती म्हणाली. "एक शबूद हिकडचा तिकडं न्हाई."

मला रडू यायला लागलं.

"रडू नगंस. एक सांग. तुझं कुठल्या पानावर हाय?"

"काय?"

"तुझं गं. आदी सवताचं लिवलं म्हणून सांगत हुतीस न्हवं, शिकवलं तवा? त्ये कुठल्या पानावर हाय?"

मी पुस्तिका मिटली.

"तू फॉर्म भरलास त्या वर्साच्या आठव्या माळंला मी ओढ्याला काटक्या येचत हुते," अनसाक्का म्हणाली. "सांजच्या यष्टीतनं तू उतारलीस. नवं लुगडं, हातात कोपरापातूर हिरवा चुडा. पदरात नारळ हुता. मला बघितलंस आन् पदर हातावर घेतलास. म्हनलं, सांगंल तवा सांगंल."

माझं सासर नदीपल्याड. त्यांचा कुळाचार अष्टमीला असायचा, तिच्या आदल्या दिवशी. मीही पाच वर्षं जात होते. तोच पाट, तीच गाठ, आणि ती सोडायला येणारी तशीच एक माजघरातली. मॅडमनी पहिला फॉर्म स्वतःचा भरायला सांगितला तेव्हा सत्ताविसाव्या प्रश्नापुढं मी 'नाही' या चौकोनात खूण केली होती. तेव्हा कुठल्या अटीची कल्पना नव्हती, लबाडीही नव्हती. शेजारी दहाजणी बसल्या होत्या आणि मला लाज वाटली, एवढंच. पण अनसाक्काला तो फॉर्मबाहेरचा प्रश्न मी विचारला, तो मला उत्तर आधीपासून माहीत होतं म्हणून. माझं दुखणं मी तिच्या तोंडून काढून घेतलं आणि तिच्या पानावर लिहिलं.

पंचायतीच्या खोलीत 'सुमन म्हणजे मी' म्हणून मीही उठू शकले असते. नाव तर बदललेलंच होतं. अर्धं खरंही होतं.

आमची सहा कार्डं पावसाळ्याच्या आत आली. दोन वर्षांनी घरकुलाची जागा मिळाली, आणि हे लिहिते आहे ते त्याच घरात बसून. अनसाक्काच्या भावानं लग्नाच्या आठ दिवस आधी उरलेली भिंत पाडली. मी तिला माझ्याकडं चल म्हणाले होते, एकदा नाही, तीनदा. आली नाही. सासरच्या गावात देवीच्या देवळामागं धर्मशाळेची एक खोली आहे, तिथं जाऊन राहिली. तिथल्या लोकांच्या वाकळा शिवायची. नवमीला मात्र तिला यष्टी लागत नव्हती, चालतच जायची म्हणे. सात-आठ वर्षांनी गेली. मला कळलं ते महिन्यानंतर. त्या घरच्यांनी लग्नाची म्हणून हिरवं लुगडं नेसवून, मळवट भरून नेली, असं सांगणाऱ्या बाईला त्याचं फार अप्रूप वाटत होतं.

मी पुन्हा पाटावर बसले नाही. दोनदा सांगावा आला, परत पाठवला. लोकांना वाटलं, वैजयंता शिकली, सवरली, ताठ झाली. मला कार्ड जाण्याची भीती होती.

त्या दिवशी बाभळीखाली मी मिटलेली पुस्तिका धरून तिच्यापुढं उभी होते. ती मला शिव्या देईल, पुस्तिका फाडून ओढ्यात टाकेल, असं मला वाटत होतं, आणि तसं झालं असतं तर बरं झालं असतं. तिनं पुस्तिका माझ्या हातातून काढून घेतली, फोटोवर बसलेली धूळ पदरानं पुसली.

"लिवायचं त्ये बरोबर लिवलंस, वैजे," ती म्हणाली. "पर कुठलं सांगायचं नसतंय, त्ये तुला ठावं हुतं. मला बी सांगायचं हुतंस की गं."